एका बाजूचा मेंदू, दोन हातांचं काम

पाच-सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा दिसला की फक्त डावा हात पुढे करतं. खुळखुळा उजवीकडे धरला तरी सगळं अंग वळवून डावाच हात आणतं. घरात कौतुक होतं, ‘डावखुरा होणार, आजोबांवर गेलाय.’ उजव्या हाताची मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली असते. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण बाळ हसतं, हुंकार देतं, दूध नीट पितं.

वर्षाच्या आत बाळ सतत एकच हात वापरत असेल तर ते डावखुरेपण किंवा उजवेपण समजू नये. त्या वयात निरोगी बाळ दोन्ही हात जवळपास सारखेच वापरतं. एक हात मागे राहत असेल तर तो का राहतो, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला हवं. बऱ्याचदा काही निघत नाही. पण काही बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या एका बाजूला जुनी इजा दिसते. जन्माच्या आसपास रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा एखादा भाग मेलेला असतो किंवा बाळ सातव्या महिन्यात झालेलं असेल तर मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीच्या नाजूक भागाला मार बसलेला असतो. पुढे याला ‘एका बाजूची सेरेब्रल पाल्सी’ असं नाव मिळतं.

मग घरचे, शेजारचे, कधी कधी दवाखान्यातलेही धीर देतात, ‘लहान आहे, मेंदू अजून वाढतोय, आपोआप भरून निघेल.’ हा धीर मायेपोटी दिलेला असतो आणि तो अर्धा खरा असतो. उरलेल्या अर्ध्यापायी मुलांचे मोलाचे महिने हातचे जातात, म्हणून हे सगळं जरा सविस्तर सांगायचं आहे.

हुकूम जातो कसा

हात हलवायचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातल्या एका पट्ट्यातून निघतो. तिथल्या पेशींचे लांब तंतू खाली उतरतात. मानेच्या वर, जिथे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो, तिथे बहुतेक तंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. म्हणून मोठ्या माणसाचा उजवा हात डावा मेंदू चालवतो. प्रत्येक बाजूला असे सुमारे १० लाख तंतू असतात. त्यातले थोडे बाजू न बदलता सरळ खाली जातात, पण मोठ्या माणसाच्या बोटांच्या कामात त्यांचा वाटा नगण्य असतो.

बाळाचं तसं नसतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॅनेट आयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या आणि नवजात बाळांच्या डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून हे तपासलं. या पद्धतीला टीएमएस म्हणतात. त्यात बाळाला सुई टोचावी लागत नाही. चुंबकीय लहरीने मेंदूचा ठरावीक भाग क्षणभर जागा होतो आणि कोणता स्नायू हलला ते नोंदवलं जातं. गरभारपणाच्या २४व्या आठवड्यापर्यंतच हे तंतू मानेखालच्या मज्जारज्जूपर्यंत, म्हणजे हाताचा कारभार चालतो तिथपर्यंत, पोचलेले असतात असं त्यांना दिसलं. आणि नवजात बाळाच्या मेंदूची एक बाजू जागी केली तर दोन्ही हातांकडून उत्तर येतं. म्हणजे जन्माला येताना मेंदूच्या प्रत्येक बाजूची तार दोन्ही हातांना जोडलेली असते. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याच बाजूच्या हाताकडे जाणारी जोडणी क्षीण होते आणि पलीकडच्या हाताची पक्की होते.

असं का होतं? मज्जारज्जूत हाताच्या स्नायूंना पुढे हुकूम देणाऱ्या पेशी मोजक्या आहेत आणि त्यांच्यावर जोडणीला जागाही मोजकीच आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे तंतू जन्माआधीच तिथे रुमाल टाकून ठेवतात. पण नुसत्या रुमालाने जागा आपली होत नाही, येऊन बसावं लागतं. ज्या तंतूंमधून वारंवार आणि जोरकस संदेश येतात ते बसतात. ज्यांच्यातून संदेश येत नाहीत त्यांचा रुमाल बाजूला सरकवला जातो. सगळं सुरळीत असेल तर पलीकडून आलेले तंतू संख्येने आणि जोराने वरचढ ठरतात, त्याच बाजूचे बहुतेक उठून जातात.

आता समजा, डाव्या मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झाली. तिथून उजव्या हातासाठी निघालेले तंतू मेले किंवा इतके थोडे उरले की त्यांच्यातून येणारे संदेश क्षीण झाले. समोरची दावेदारीच सुटल्यामुळे उजव्या मेंदूतून उजव्या हाताकडे गेलेले तंतू, जे एरवी उठून गेले असते, तिथेच बसून राहतात. त्या मुलाचा उजवा मेंदू मग दोन्ही हात चालवायला लागतो.

यात नवं काही उगवत नाही, जे जायचं होतं ते जात नाही, एवढंच. म्हणूनच साठीतल्या माणसाला पक्षाघात झाला तर त्याच्या मेंदूला हा मार्ग तसा धरता येत नाही. ते तंतू त्याच्या अंगणवाडीच्या वयाआधीच निघून गेलेले असतात.

गप्प बसलेल्या बाजूचं नुकसान

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जॉन मार्टिन यांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेले प्रयोग. त्यांनी पिल्लांच्या मेंदूला इजा केलीच नाही. वयाच्या तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात हालचालीच्या भागाची फक्त एक बाजू औषधाने गप्प करून ठेवली. औषध थांबल्यावर ती बाजू पूर्ववत काम करू शकत होती. तरीही तिची मज्जारज्जूतली जागा गेली होती. दुसऱ्या बाजूच्या तंतूंनी ती बळकावली होती आणि त्या पिल्लांचा पंजा पुढे अचूक पडेना. मेंदू शाबूत असूनही, केवळ ऐन मोक्याच्या काळात गप्प बसल्यामुळे, हे नुकसान झालं होतं आणि ते आपोआप भरून निघत नव्हतं.

पुढच्या प्रयोगात लगेचच्या आठवड्यांत दुसरी, वरचढ झालेली बाजू गप्प केली. तोल परत आला, पंजाही सुधारला. २०१२मध्ये कॅथलीन फ्रीएल आणि मार्टिन यांनी औषधाऐवजी चांगला पाय अडकवून ठेवला आणि मागे पडलेल्या पायाकडून खाणं उचलण्याचा सराव करून घेतला. लहान वयात हे केलं तर कौशल्य परत येत होतं. नुसतं अडकवून ठेवणं पुरेसं पडत नव्हतं, सराव लागत होता. आणि तेच उशिरा केलं तर तो परिणाम मिळत नव्हता.

माणसाच्या बाळांत याच्याशी जुळणारं चित्र आयर यांना दिसलं. एका बाजूला मेंदूची इजा झालेल्या काही बाळांत सुरुवातीला इजा झालेल्या बाजूकडूनही हाताला उत्तर मिळत होतं. म्हणजे तिथून काही तंतू वाचलेले होते. पुढच्या महिन्यांत ते उत्तर मंदावत गेलं, काहींत नाहीसंच झालं. २००७च्या एका निबंधात त्यांनी याची तुलना थेट ‘आळशी डोळ्या’शी केली. त्या डोळ्यात दोष थोडाच असतो, पण चांगला डोळा मेंदूतली जागा घेत जातो आणि दुबळ्या डोळ्याची नजर आणखी जाते. मेंदूला इजा एकदाच होते, पण तिच्यानंतर पहिली दोन वर्षं एक सावकाश नुकसान चालू राहू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

‘आपोआप भरून निघेल’ या वाक्याचा खोटा अर्धा भाग तो हाच. बाळाचा मेंदू बदलतो हे खरंच आहे. पण तो मुलाच्या भल्यासाठीच बदलतो असं नाही. ज्या बाजूने जास्त काम होतं तिच्या बाजूने तो बदलतो.

कधी इजा झाली, यावर बरंच ठरतं

जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मार्टिन स्टाउट यांनी जन्मापासून एक बाजू कमजोर असलेल्या मुलामाणसांचा टीएमएस आणि एमआरआय अशा दोन्ही अंगांनी अभ्यास केला. २००४मध्ये त्यांनी इजेच्या वेळेनुसार तीन गट मांडले. गरभारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत मेंदूची घडणच बिघडलेले, सातव्या महिन्याच्या आसपास पोकळ्यांजवळ इजा झालेले आणि पूर्ण दिवसांच्या सुमारास मुख्य रक्तवाहिनी बंद पडलेले. तिन्ही गटांत चांगल्या बाजूच्या मेंदूने दोन्ही हात चालवायला घेतल्याची उदाहरणं होती. पण जितकी इजा लवकरची, तितका त्या हाताचा वापर बरा. पूर्ण दिवसांच्या सुमारास झालेल्या इजेनंतर हात पकड घेऊ शकतो, पण एकेक बोट सुटं हलवणं बहुधा जमत नाही.

‘इजा जितकी लवकर तितकं बरं’ हे मत जुनं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मार्गारेट केनर्ड यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की तीच इजा पिल्लाला कमी बाधते, मोठ्या माकडाला जास्त. ते मत पुढे त्यांच्या नावाने नियमासारखं सांगितलं जाऊ लागलं. पण पिल्लं वाढत गेली तशी सुरुवातीला न दिसलेली काही दुबळेपणं आणि स्नायूंचा ताठरपणा वर आला, हेही खुद्द केनर्ड यांनी नोंदवलं होतं. कोणत्याही बालविकास केंद्रात हे रोज दिसतं. तीन महिन्यांचं बाळ ठीक वाटतं, कारण त्या वयात हाताकडून अचूक काम कोणी मागतच नाही. पुढे चिमटीत चुरमुरा उचलायची वेळ येते, शर्टाचं बटण लावायची वेळ येते, तेव्हा कमतरता उघडी पडते. आईवडिलांना वाटतं मूल मागे गेलं. मागणी वाढत गेलेली असते, इजा तेवढीच असते.

स्पर्शाचीही एक गोष्ट आहे. हातातून मेंदूकडे जाणारे जाणिवेचे तंतू वरच्या थरात उशिरा पोचतात. त्यामुळे सातव्या महिन्याच्या आसपास पोकळ्यांजवळ इजा झाली तर ते तिला वळसा घालून आपल्या ठरल्या जागी जाऊ शकतात. स्टाउट यांच्या गटाने २००६मध्ये हे दाखवलं. काही मुलांत त्यामुळे अजब स्थिती होते. उजव्या हाताला हुकूम उजव्या मेंदूतून येतो आणि त्याच हाताची जाणीव डाव्या मेंदूत पोचते. वस्तू न बघता हातात फिरवून ओळखायची तर पाठवणारा आणि घेणारा एकमेकांच्या शेजारी असावे लागतात. इथे ते दोन टोकांना असतात. आणि पूर्ण दिवसांच्या मोठ्या इजेत वरचा थरच गेलेला असतो. जाणीव हालचालीसारखी सहज पलीकडच्या बाजूला जात नाही. हात हलतो पण त्याला नीट कळत नाही, आणि ज्या हाताला कळत नाही तो मुलाच्या ध्यानातूनच जातो. ‘अरे, तो हात वापर ना’ असं दिवसातून दहादा सांगितलं तरी मूल तो विसरतं, ते यामुळे. तो हट्ट नसतो.

डब्याचं झाकण

एक मेंदू दोन हात चालवतो म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर अशा एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीला फिरकीच्या झाकणाचा डबा उघडताना जवळून पाहा. चांगल्या डाव्या हाताने ती झाकण धरते, उजव्या हाताने डबा छातीशी दाबते. इथपर्यंत छान. डावा हात झाकण पिळायला लागतो तशी उजव्या हाताची बोटंही तसाच पीळ घेतात, मनगट तसंच वळतं. डबा झाकणाबरोबर फिरतो आणि निसटतो. एकाने हलायचं आणि दुसऱ्याने स्थिर राहायचं हेच तर या कामाचं सूत्र, आणि नेमकं तेच तिला अवघड जातं.

याला आरशातल्या हालचाली म्हणतात. लंडनमधल्या संशोधकांनी १९९३मध्ये स्नायूंमधले संदेश मोजून दाखवलं की अशा काही मुलांत एकाच तंतूच्या फांद्या दोन्ही हातांच्या पेशींपर्यंत जात असाव्यात. हुकूम एक, पोचतो दोन ठिकाणी. मुलीने कितीही मनावर घेतलं तरी ती हालचाल पूर्ण थांबवू शकत नाही. सर्वसाधारण लहान मुलांतही अशा हालचाली थोड्या प्रमाणात दिसतात आणि वाढत्या वयात ओसरतात, तेव्हा चार वर्षांच्या मुलाची बोटं जोडीने हलली म्हणून घाबरू नये. एका बाजूची कमजोरी आणि त्याबरोबर ठळक, न ओसरणाऱ्या जोडहालचाली असतील तर मात्र मेंदूच्या आतली जोडणी कशी झाली असेल याचा अंदाज येतो.

पायाचं इतकं बिघडत नाही. धड आणि पाय चालवायला मेंदूच्या बुंध्यातून निघणारे जुने मार्ग मदतीला असतात आणि ते दोन्ही बाजूंना पोचतात. न थांबणाऱ्या आकडीसाठी ज्या मुलांचा मेंदूचा एक अख्खा गोलार्ध शस्त्रक्रियेने काढावा लागतो किंवा तोडून वेगळा करावा लागतो, त्यातलीही बरीच मुलं पुढे चालतात. बोटांचं सुटं काम मात्र परत येत नाही. एका बाजूची सेरेब्रल पाल्सी असलेली जवळपास सगळी मुलं चालायला लागतात, आणि तिथेच घात होतो. मूल चाललं की घरच्यांना हायसं वाटतं, थेरपी सुटते आणि हात तसाच राहून जातो.

मग करायचं काय

हाताचा सराव मुलाने स्वतः करायला हवा, इथून सगळं सुरू होतं. तेल-मालिश करू नका असं मी कधीच सांगत नाही. त्या स्पर्शाने बाळाला बरं वाटतं, आईलाही. पण मालिशीत हात आपण हलवतो. मज्जारज्जूतली जागा टिकवायला बाळाच्या मेंदूतून निघालेला हुकूम लागतो, म्हणजे बाळाला स्वतःला तो हात पुढे करावासा वाटला पाहिजे. खेळणं दुबळ्या हाताच्या बाजूला, हाताच्या टप्प्यात आणि एकाच हाताने न पेलणारं असावं. दुधाचा पेला दोन कानांचा असावा.

चांगला हात काही काळ मोज्यात ठेवून दुबळ्याकडून काम करून घेण्याची पद्धत अमेरिकेतल्या अलाबामामध्ये एडवर्ड टॉब यांच्या कामातून आली. स्वीडनच्या ॲन-क्रिस्टिन एलियासन यांनी ती वर्षाच्या आतल्या बाळांसाठी सौम्य केली. दिवसाला अर्धा तास, खेळाच्या रूपात, आईवडिलांच्या हातून, सहा-सहा आठवड्यांच्या दोन फेऱ्यांत. अर्ध्या तासाची मर्यादा विचारपूर्वक आहे. चांगल्या हाताचे तंतूही त्याच वयात जागा पक्की करत असतात, त्यांना दिवसभर डांबलं तर त्या हाताचं नुकसान होऊ शकतं. म्हणून कळकळीने सांगते, कुठे व्हिडिओ बघून घरच्या घरी बाळाचा चांगला हात बांधून ठेवू नका. थेरपिस्टच्या देखरेखीखालीच हे करा.

मोठ्या मुलांसाठी दोन्ही हात मिळून करायच्या कामांचा भरपूर सराव तितकाच उपयोगी ठरला आहे, मग आतली जोडणी कशीही झालेली असो. मटार सोलणं, फुलं ओवणं, पत्र्याच्या डब्यातून तांदूळ मापणं, आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवणं. दोन वर्षांनंतर जोडणीचा आराखडा बराचसा ठरून जातो, हात शिकणं मात्र थांबत नाही. शाळेच्या वयातही, किशोरवयातही फरक पडतो. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

उशीर टाळायचा असेल तर बाळ पाच महिन्यांचं व्हायच्या आधीच काही गोष्टी कळू शकतात. ऑस्ट्रियात काम केलेल्या हाइन्झ प्रेख्टल यांनी दाखवलं की नऊ ते वीस आठवड्यांचं बाळ जागं, शांत आणि उताणं असताना त्याच्या सगळ्या अंगात बारीक, नाजूक, सतत बदलत्या हालचाली दिसतात. त्या नसणं ही धोक्याची खूण आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हे आठवडे जन्मापासून नाही, डॉक्टरांनी बाळंतपणासाठी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचे. मोबाइलवर काही मिनिटांचा व्हिडिओ काढला, खेळणं किंवा चोखणी न देता, तर प्रशिक्षित डॉक्टर किंवा थेरपिस्ट तो पाहून मत देऊ शकतात. जे बाळ काचेच्या पेटीत राहिलं, उशिरा रडलं किंवा ज्याला पहिल्या दिवसांत झटके आले, त्याच्यासाठी हे आग्रहाने मागा. सरकारी यंत्रणेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि थेरपिस्ट एकाच ठिकाणी मिळावेत अशी योजना आहे. आशाताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतात.

आणि कृपा करून बाळाच्या आईला दोष देऊ नका. ग्रहणात भाजी चिरली, जड उचललं, वेळेत कळ सांगितली नाही, असली वाक्यं मी इतक्या बायकांच्या तोंडून रडत रडत ऐकली आहेत. जन्माच्या आसपासच्या पक्षाघातात नेमकं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. १८६१मध्ये लंडनच्या विल्यम लिटल यांनी सगळा भार अवघड बाळंतपणावर टाकला होता. सिग्मंड फ्रॉइड मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी मेंदूचे डॉक्टर होते, आणि त्याच काळातल्या त्यांच्या लिखाणात त्यांनी उलट शंका काढली, की पोटातच काही बिघडलेलं असल्यामुळे बाळंतपण अवघड होत असेल. अनेक मुलांच्या बाबतीत त्यांची शंका रास्त होती.

मूल शाळेत जाऊ लागलं की वर्गशिक्षकांना एकदा भेटून सांगा, की लिहिताना दुसऱ्या हाताची बोटं हलतात तो चाळा नाही. पट्टी धरून रेघ मारायला अशा मुलाला वेळ लागेल, कारण पट्टी धरणारा हातही पेन्सिलीबरोबर सरकू पाहतो. पट्टीखाली न घसरणारी रबरी चकती लावली, वही बाकाला चिकटपट्टीने चिकटवली, तर तेच काम जमतं. वह्यांच्या तपासणीत ‘अक्षर सुधारणे’ असा शेरा मारण्याआधी शिक्षकांना एवढं माहीत असलं पाहिजे.